एडिनबरा: नेपियरच्या कांड्या काचेआड

ब्रन्ट्सफील्डकडून कॉलिंटन रोडला वळलं की मर्चिस्टन टॉवर येतो. लॉगरिदम शोधणारा गणिती जॉन नेपियर इथेच १५५० साली जन्मला आणि १६१७ मध्ये इथेच वारला. दगडी गढी देखणी आहे, पण विद्यापीठाच्या काँक्रीटच्या इमारतींनी तिला असं घेरलंय की धड फोटोही निघत नाही. तासाभरात उरकतं.

चिडचिड होते ती संग्रहालयात. नेपियरच्या गुणाकाराच्या कांड्या काचेआड आडव्या ठेवल्यात. चौकोनी कांडीला बाजू चार, दिसते एकच. हातात घेऊन फिरवायची वस्तू नुसती बघून काय कळणार? त्यापेक्षा घरी लाकडी पट्टी कापून बनवा.

मूळ संचात दहा कांड्या असतात. प्रत्येक बाजूला वर एक अंक, खाली त्याचा नऊपर्यंतचा पाढा. पाढ्याच्या प्रत्येक घरात तिरकी रेघ: दशक वर डावीकडे, एकक खाली उजवीकडे. समोरासमोरच्या बाजूंच्या अंकांची बेरीज ९ येईल असे अंक लिहायचे. चाळीस बाजूंवर प्रत्येक अंक चारदाच येतो, त्यामुळे ११,१११ ही संख्या मांडता येत नाही. पाचवा १ आणणार कुठून?

१६१४ गुणिले ७ करू. १, ६, १, ४ या कांड्या शेजारी लावा आणि सातवी ओळ वाचा: ०७, ४२, ०७, २८. आता उजवीकडून तिरकस बेरीज. आधी ८. मग २ आणि ७ मिळून ९. मग ० आणि २ मिळून २. मग ७ आणि ४ मिळून ११, म्हणजे १ लिहून हातचा १. शेवटी ० आणि हातचा १. उत्तर ११,२९८. पाढे पाठ नसले तरी चालतं, पण हातचा कांडी सांभाळत नाही. चुका तिथेच होतात.

ही तिरकी मांडणी आपल्याला परकी नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या 'लीलावती'वरील टीकेत ती 'कपाटसंधी' म्हणून दिली आहे. नेपियरने तिचे उभे तुकडे करून ते फिरते केले.

कांड्या हा मात्र त्याचा हलका उद्योग. गुणाकाराची बेरीज करून देणाऱ्या ज्या लॉगच्या पुस्तकाने बारावीला छळलं, त्याचं मूळ १६१४ च्या कोष्टकांत आहे, आणि ती करायला त्याला वीसेक वर्षं लागली. त्यासाठी त्याने आधी तीन तक्ते केले; पहिल्याची युक्ती सुरेख आहे: १,००,००,००० पासून सुरुवात, दर वेळी त्या संख्येचा एक कोटीवा भाग वजा. म्हणजे तीच संख्या सात घरं उजवीकडे सरकवून वजाबाकी, शंभर वेळा. गुणाकार नाहीच. दुसऱ्या तक्त्यात पाच घरं, पन्नास वेळा. तिथे कुठेतरी तो घसरला: शेवटची संख्या ९९९५००१.२२४८०४ हवी, त्याने ९९९५००१.२२२९२७ लिहिली. तिसरा तक्ता यावरच उभा असल्याने चूक पुढे पसरली आणि छापील कोष्टकांचे शेवटचे अंक बिघडले.

शिवाय त्याच्या पद्धतीत १ चा लॉग शून्य नव्हता, त्यामुळे साध्या गुणाकारातही एक जादा वजाबाकी करावी लागे. १६१५ मध्ये इंग्रज गणिती हेन्री ब्रिग्ज लंडनहून मर्चिस्टनला आला, महिनाभर राहिला, आणि दोघांनी १ चा लॉग शून्य धरायचं ठरवलं. १० च्या पायाची कोष्टकं मग ब्रिग्जनेच केली.