झोलाच्या टेबलावरची निळी पुस्तिका

फ्रेंच शिकायला लोक का येतात, हे आता मला तोंडपाठ झालंय. कुणी शाळेत ‘स्कोअरिंग’ म्हणून संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलेलं असतं, कुणाला कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवान्यासाठी, टीईएफ या फ्रेंचच्या परीक्षेचे गुण हवे असतात, एखादीला नुसतीच हौस. चित्रं बघायला कुणीच येत नाही. मी तरी दाखवतेच.

माझी पीएचडी फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाच्या कलासमीक्षेवर. साहित्यवाले म्हणायचे, हा विषय चित्रकलेचा. चित्रकलावाले म्हणायचे, बाई भाषेच्या. मला ही भिंतच कधी पटली नाही. बोदलेरनं कवी म्हणून नाव होण्याआधीच 1845 आणि 1846च्या सालों या पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनांवर पुस्तिका लिहिल्या होत्या. झोलानं 1866 मध्ये वर्तमानपत्रातून चित्रकार एदुआर मानेची बाजू घेतली, तर वाचक एवढे खवळले की लेखमाला आवरती घ्यावी लागली. गडी गप्प बसणारा नव्हता. पुढच्याच वर्षी त्यानं मानेवर वेगळी पुस्तिका काढली. मग 1868 मध्ये मानेनं त्याचं पोर्ट्रेट रंगवलं.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं हे चित्र मी बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, वर्गात प्रोजेक्टरवर लावते. सुरुवात साधी: डावीकडे काय, मागे काय, भिंतीवर काय? जपानी पडदा, पैलवानाचं जपानी छापचित्र, 1865 मध्ये गदारोळ उडवलेल्या, मानेच्याच ‘ऑलिम्पिया’ चित्राची छोटी प्रत. इतकं झालं की वर्ग पेंगायला लागतो. पण एका बॅचमध्ये, एरवी तोंड न उघडणारा एक इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, हा वाचतच नाहीये. पुस्तक उघडंय, नजर भलतीकडेच.” शेजारची म्हणाली, “बसून बसून कंटाळला असेल.” झालं, जुंपली! मोडक्या फ्रेंचमध्ये, लिंगं चुकवत, क्रियापदं गाळत. मी मध्ये पडले नाही. व्याकरण काय, नंतरही दुरुस्त करता येतं. त्या गदारोळात कुणाला तरी टेबलावरची फिकट निळी पुस्तिका दिसली, तिच्यावर मानेचं नाव. ही झोलाची तीच पुस्तिका, आणि चित्रकाराची सही म्हणूनही तीच चालून गेलीय. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या कोपऱ्यात मावतं.

टीईएफवाल्यांची कुरकुर असते, “हे परीक्षेला आहे का?” आहे की. तोंडी परीक्षेत समोरच्याला आपलं म्हणणं पटवून द्यावंच लागतं. पुढच्या आठवड्यात मानेचंच ‘फोली-बेर्जेरचा बार’ हे चित्र लावणार आहे. त्यात बारमागच्या बाईचं आरशातलं प्रतिबिंब इतकं उजवीकडे कसं सरकलं, यावर इंजिनिअरसाहेबांनी आत्ताच कागदावर कोन काढायला घेतलेत.