माळवदावरची दोन फूट माती

किल्लारीच्या भूकंपानंतर उभी राहिलेली नवी गावं सगळ्यांनी पाहिली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली, संस्थांनी आख्खी गावं बांधून दिली. पण जी घरं पडली नाहीत, नुसती तडकली, त्यांची संख्या कितीतरी मोठी होती. १३ जिल्ह्यांत मिळून पावणेदोन लाखांहून जास्त घरं दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या योजनेत आली. मी त्या कामावर अभियंता होतो. निलंगा तालुक्यातल्या एका घरावरचा माती उतरवण्याचा दिवस इथे लिहितोय, कारण भूकंपानंतरची एकजूट म्हणजे काय, ते त्या दिवशी अगदी जवळून दिसलं.

आधी माणसं का मेली ते सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. भूकंप साधारण ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानानं मध्यमच, पण केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यांचा जीव घेतला तो भिंतींनी. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बघून वाटतं, हिला काय होणार? प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. आतली पडदी वेगळी, बाहेरची वेगळी, मध्ये बारीक दगड आणि मातीची भर. हादरा बसला की दोन्ही पडद्या एकमेकींपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि दगड ओघळतात. कित्येक खणांच्या घरांत लाकडी खांबांवर माळवद, म्हणजे फळ्यांवर माती घातलेलं सपाट छत, तसंच उभं होतं आणि खाली झोपलेल्यांवर दगडांचा ढीग.

त्यात वरची माती. दर पावसाळ्याच्या आधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना कुणी काढायचा नाही. आजोबांपासून साठत आलेला तो थर दोन फुटांवर गेलेला. हिशेब साधा आहे. दहा चौरस मीटरच्या खोलीवर ६० सेंटिमीटर माती म्हणजे ६ घनमीटर. घनमीटरला १६०० किलो धरले तरी साडेनऊ टनांच्या वर. थर २० सेंटिमीटरवर आणला तर ओझं सव्वातीन टनांवर येतं. घर मजबूत करण्यात याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही.

पण ते दोन माणसांचं काम नाही. त्या दिवशी सकाळी आख्खी गल्ली पाट्या-खोरी घेऊन आली. मराठा, लिंगायत, मुसलमान, मातंग, सगळ्या आळ्यांतले लोक एकाच माळवदावर. बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी किल्लारी, सास्तूर, मंगरूळकडे भूकंपात दगावलेलं होतं. शिस्त मात्र कडक ठेवावी लागते. आधी कठड्याचे सुटे दगड खाली घ्यायचे. मग माती थराथरानं, सगळीकडून सारखी काढायची. एका कोपऱ्यातून उकरत गेलं की ओझं एकांगी होतं आणि कुजलेली तुळई तिथेच बसते. म्हणून वर चढण्याआधी प्रत्येक खांबाचं भिंतीत गाडलेलं बूड पहारीच्या टोकानं टोचून पाहायचं. पहार लाकडात सहज शिरली तर तिथे आधी टेकू. काढलेली माती भिंतीलगत टाकायची नाही, पावसात तिची ओल भिंतीत मुरते. फळ्या उघड्या झाल्या की कुजलेल्या बदलून प्लॅस्टिकचा कागद, त्यावर २० सेंटिमीटर माती, उतार पन्हाळीकडे. कागद न घालता नुसती माती कमी केली की पहिल्या पावसात घर गळतं, आणि मालक पुन्हा थर चढवायला लागतो. खांब आणि तुळईच्या सांध्याला दोन्ही दिशांनी तिरपे आधार ठोकायचे, म्हणजे सांगाडा हलला तरी कलत नाही.

दुपारनंतर भिंतींकडे वळलो. दोन्ही पडद्या एकमेकींना बांधायच्या तर भिंतीत आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरावं लागतं. घरातल्या आजींनी भोक पाडायला साफ नकार दिला. “उभी हाय ती बी पाडता का?” त्यांची भीती रास्त होती, कारण घणानं भोक पाडलं तर भिंत खरंच पडते. रीत अशी आहे: दर मीटरला एक भोक, आडवं आणि उभं दोन्हीकडे, वरच्या ओळीतलं खालच्यापेक्षा अर्धा मीटर सरकवलेलं. सांध्यातली माती खरवडायची, लहान पहारीनं दगड बाजूला आणि वर हळू हलवायचा, दोन्ही हातांनी ओढून काढायचा. आतली भर चिमटीचिमटीनं काढत ७५ मिलिमीटरचं भोक आरपार न्यायचं, दोन्ही तोंडांशी थोडं रुंद. अर्ध्यापर्यंत १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली आठ एमएमची सळई, मग उरलेलं काँक्रीट ठासून. सळईची टोकं बाहेर दिसली की गंजतात. दहा दिवस दोन्ही बाजूंनी पाणी मारायचं, आणि इथेच जास्त कामं बिघडली, कारण प्यायला पाणी नाही तिथे भिंतीला कोण देणार? त्या घराला शेजारणींनी आळीपाळीनं सांडपाण्याच्या कळश्या आणून दिल्या. ज्या भिंतीला आधीच पोट आलंय तिला मात्र हा उपाय लागू नाही. ती उतरवून पुन्हा बांधायची.

आजींनी पहिल्या भोकात हात घातला. आत उंदरांनी पोखरलेली पोकळी होती, दोन्ही पडद्यांना धरणारा एकही दगड नव्हता. त्यांनी हात बाहेर काढला आणि पुढच्या भोकाची जागा स्वतः दाखवली.

सगळीकडे असं झालं नाही. पुष्कळ कुटुंबांनी अनुदानातून शेजारी विटांची एक खोली बांधली आणि दगडी घर तसंच सोडलं. दगडाखाली झोपायची हिंमतच उरली नव्हती, त्यांना दोष देता येत नाही. जिथे काम नीट झालं, तिथे बहुतेक महिला मंडळातल्या बायका संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि योजना यांच्यातला दुवा, म्हणून पाठीशी उभ्या होत्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग संस्थेनं हे जाळं उभं केलं. सिमेंट किती आलं, सळई किती, गवंडी भोकं नुसती लिंपतोय का, सगळ्यावर त्यांची नजर. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या आणि आपण काय केलं ते तिथल्या बायकांना समजावून सांगितलं.

दर ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली होते. त्याच दिवशी, अजून माळवदात राहणाऱ्यांनी एक सळई घेऊन वर जावं. साण्याच्या, म्हणजे छतातल्या झरोक्याच्या, कडेला, जिथे माती आणि कागद दोन्ही दिसतात, तिथे थराची जाडी मोजावी. मधल्या भागात सळई खुपसू नये, कागद फाटतो. एक वीतभर भरली तर ठीक. जास्त भरली तर दिवाळीनंतर, माती वाळली की, गल्लीला हाक मारावी आणि वरची काढून टाकावी.