डॉल्फिन न दिसल्याची नोंद

मालवण, डिसेंबर

आज नवे इंटर्न डॉल्फिन मोजायला पहिल्यांदा होडीवर आले. दोघं पुण्याचे, एक कोल्हापूरची. काल रात्री तिघांचं कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तपासणं संपत नव्हतं. टोप्या आणि पाणी मलाच आठवण करून द्यावं लागलं.

मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) असते तोवर पाणी सपाट, म्हणून उजाडताच निघतो. दुपारकडे समुद्रावरून वारा चढला की लाटांच्या माथ्यावर फेस येतो. बोफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या मापावर तीनच्या वर गेलं की आम्ही मोजणी थांबवतो. फेसात पाठीचा पर हरवतो, आणि मग डॉल्फिन नव्हतेच की आपल्याला दिसले नाहीत, ते सांगता येत नाही.

ठरलेली रेषा, ठरलेला वेग. एकानं डावीकडे बघायचं, एकानं उजवीकडे, तिसऱ्यानं लिहायचं. थोड्या वेळानं अदलाबदल, कारण डोळे शिणतात. सकाळ अर्धी सरली तरी काही नाही. लिहिणाऱ्याचं पान कोरंच.

"ताई, दिसलंच नाही तर लिहू काय?"

"वेळ, जागा, वारा, खोली. आणि पुढे शून्य."

त्याला ते पटलेलं दिसलं नाही. एका तासात दहा डॉल्फिन आणि दहा तासांत दहा डॉल्फिन, यातला फरक त्या शून्यांमधूनच कळतो. होडी चालवणाऱ्या तांडेलालाही हे पटत नाही. "गादे बघूचे तर कांडाळ्यांकडे चला, हयसर काय गावतला?" गादे म्हणजे डॉल्फिन, कांडाळी म्हणजे जाळी. त्याचं खरंच आहे, जाळ्यांतली तारली-बांगडे खायला ते जातात. पण फक्त तिथेच गेलो तर त्याला माहीत आहे तेवढंच आपल्याला कळणार. मुलं अर्थातच तांडेलाच्या बाजूची!

देवबागच्या खाडीमुखाबाहेर शेवटी हम्पबॅक डॉल्फिन दिसले. उडी वगैरे काही नाही. आधी कुबड, त्यावर छोटा पर, की पुन्हा पाणी. एक फिकट राखाडी पिल्लू आईला चिकटून. मुलांनी तोंडांचे फोटो काढले, मी पराकडे बोट दाखवत राहिले. तेवढ्यात पर्यटकांच्या दोन होड्या दोन बाजूंनी आल्या आणि कळप खाली गेला. तेही फॉर्मवर लिहिलं: होड्या दोन. त्या होडीवाल्यांचं पोट यावरच आहे, मान्य. पण इंजिन मंद करून लांब थांबायला डिझेल जास्त लागत नाही.

संध्याकाळी फोटो निवडले. बहुतेक बाद. पर आडवा, स्वच्छ, उजेडात हवा. मागच्या कडेवरच्या खाचा आणि व्रण जुळवत एकेक जनावर ओळखायचं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे, तेव्हा तोच डॉल्फिन दोनदा मोजून आकडा फुगवणं परवडणारं नाही.

यावर कोल्हापूरच्या मुलीनं विचारलं, "मग भुलग्याचं काय? त्याला पाठीवर परच नसतो ना?"

आजचा सर्वांत चांगला प्रश्न. भुलगा म्हणजे फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचा छोटा नातलग. तो वर येतो तोही चोरासारखा, नुसती पाठ. त्याचे फोटो जुळवणं जवळपास अशक्य. राहते ती रेषेवरची मोजणी, तीही पाणी तेलासारखं असेल त्याच सकाळी. तिनं उद्याची डावी बाजू मागून घेतली. दिली.