फवारणी न झालेल्या शेतातील विषबाधा

तंबाखूची पाने खुडायला गेलेल्या तीन बायका आणि एक मुलगा यांना सकाळी ट्रॉलीतून आमच्या अपघात विभागात आणले, तेव्हा सोबतच्या मुकादमाने दारातूनच ‘औषध लागलंय’ असे सांगितले आणि मी पोहोचेपर्यंत नोंदवहीत ‘कीटकनाशक विषबाधा’ असे लिहूनही झाले होते. चौघेही ओकून ओकून गळून गेले होते. चेहरे पांढरेफटक पडले होते, कपाळावर थंड घाम होता, तोंडाला सतत पाणी सुटत होते आणि उठवून बसवले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शेतमजूर आणि उलट्या हे दोन शब्द एकत्र ऐकले की आमच्या विभागात हात आपोआप अ‍ॅट्रोपिनकडे, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवरील उताऱ्याकडे जातो, आणि त्यात गैर काही नाही, कारण ऑरगॅनोफॉस्फेट या जातीच्या कीटकनाशकाची बाधा झालेला रुग्ण डॉक्टरला फार विचार करायला वेळ देत नाही.

पण त्या रुग्णाचे एक ठरलेले रूप असते. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या असतात, छातीत स्राव साचून घुरघुर ऐकू येते, नाडी बहुधा मंदावते, दंडाचे आणि पोटऱ्यांचे स्नायू कातडीखाली फडफडताना दिसतात आणि पुष्कळदा अंगाला औषधाचा उग्र वासही येतो. या चौघांच्या बाहुल्या नेहमीच्या आकाराच्या होत्या, छाती स्वच्छ होती, स्नायू शांत होते आणि नाडी उलट जलद चालत होती. आमच्या निवासी डॉक्टरने पहिला डोस सिरिंजमध्ये भरून ठेवलेलाच होता. सौम्य विषबाधेत सुरुवातीला बाहुल्या बदलतातच असे नाही, हा त्याचा मुद्दा पुस्तकाप्रमाणे बरोबरही होता. मी त्याला एवढेच विचारले की, छातीतील स्राव सुकेपर्यंत अ‍ॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचे असते, तर ज्याची छाती मुळातच कोरडी आहे त्याच्या बाबतीत थांबायचे कुठे? शिवाय हे औषध घाम बंद करते. उन्हाळ्याच्या दिवसांत, पंखेही धड न चालणाऱ्या वॉर्डात, विनाकारण अ‍ॅट्रोपिन दिलेला माणूस तापाने फणफणून बरळू लागलेला मी पाहिला आहे. तरुण डॉक्टरांना औषध न देणे म्हणजे काहीच न करणे वाटते, आणि हा समज आपणच त्यांना वाढवून दिलेला आहे.

खरा धागा हाती दिला तो सिस्टरांनी. शिरेत सुई लावताना त्या म्हणाल्या की यांच्या तळहातांना काळपट चीक लागला आहे आणि अंगावरचे कपडे छातीपासून कमरेपर्यंत ओलेचिंब आहेत. मग नीट विचारपूस केली. त्या शेतात बरेच दिवस फवारणी झालेलीच नव्हती. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, उन्हाच्या आत काम उरकावे म्हणून खुडणी उजाडताच सुरू केली होती आणि खुडलेली पाने काखेत धरून, अंगाशी कवटाळून ओळीच्या टोकापर्यंत न्यायची, अशी पद्धत होती. म्हणजे विष कुठून बाहेरून आले नव्हते, ते पानातच होते. तंबाखूच्या पानातील निकोटिन पाण्यात विरघळते आणि ओल्या त्वचेतून सहज रक्तात उतरते. पानांवरच्या 100 मिलिलिटर दवात 9 मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन असू शकते, म्हणजे सुमारे सहा सिगारेटींतून मिळते तेवढे. या आजाराला ग्रीन टोबॅको सिकनेस म्हणतात. अमेरिकेतील केंटकी राज्यात 1992 मध्ये एका हंगामात अशा 47 जणांना रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे लागले होते, तेव्हा ही काही अनोखी गोष्ट नव्हे. तरीही विषबाधेच्या आमच्या प्रशिक्षणांत तिचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही.

या आजाराला उतारा नाही. कपडे काढणे आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुणे, हाच मुख्य उपचार, आणि नेमका तोच उपचार आमच्याकडे कमी प्रतीचा मानला जातो. शेतातून निघाल्यापासून ते चौघे त्याच ओल्या कपड्यांत होते, म्हणजे ट्रॉलीत बसल्या बसल्याही निकोटिन अंगात जातच होते. बायकांना आडोसा करून, काखा, मनगटे, नखांच्या कडा आणि केसांची मुळे पुन्हा पुन्हा धुवायला सिस्टरांनी जो वेळ दिला, त्याची नोंद केसपेपरवर ‘अंग पुसले’ एवढीच झाली. पुढे सलाइन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि नाडी व रक्तदाबावर लक्ष, एवढेच करायचे होते. निकोटिनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. दुपारनंतर तिघी उठून बसल्या, मुलाला मात्र रात्र लागली.

मुकादमाला हे पटले नाही. त्याच ओळीत खुडणाऱ्या एका म्हाताऱ्याला काहीच कसे झाले नाही, असे त्याचे म्हणणे होते. तो म्हातारा वर्षानुवर्षे विड्या ओढणारा होता, त्याच्या शरीराला निकोटिनची सवय जडलेली होती. ज्यांनी तंबाखूला कधी तोंड लावले नाही, तेच आधी कोसळतात, आणि त्यातही ज्याचे वजन कमी त्याला मात्रा जास्त भिडते. मुलाचे वय मुकादमाने सांगितलेले एक आणि त्याने स्वतः सांगितलेले दुसरे होते, पण यातले कुठलेही अठराच्या जवळपास नव्हते. शेतीतील घातक कामासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2001 च्या करारात किमान वय 18 धरले आहे. पाने खुडणे हे घातक काम आहे, हेच मुळात त्या शेतावर कोणाला मान्य नव्हते.

मला अजून सतावतो तो मुकादमाचा दुसरा प्रश्न, आणि तो प्रामाणिक होता: मग खुडायचे कधी? दव वाळू द्यावे तर काम भर उन्हात जाते. पाणी आत न येऊ देणारा प्लास्टिकचा झगा आणि हातमोजे घातले तर निकोटिन अडते, पण आत घामाची वाफ कोंडते आणि उष्माघाताची वाट मोकळी होते, शिवाय तापलेल्या, घामेजलेल्या कातडीतून जे काही झिरपेल ते अधिक वेगाने शोषले जाते. पावसानंतरची सकाळ सोडून द्या, पाने अंगाला न लावता टोपलीतून वाहा, कपडे भिजताच बदला आणि मुलांना ओळीत उभे करू नका, असे मी सांगितले. खुडलेल्या वजनावर मजुरी ठरत असताना सकाळ सोडण्याचा खर्च मजुरांवरच पडणार, हे मला बोलता बोलताच कळत होते, आणि बहुधा त्यालाही.

रक्तातील कोलिनेस्टेरेज, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेटच्या बाधेत घटणारे विकर, चौघांचेही प्राकृत आले. शरीरात निकोटिनपासून बनणाऱ्या कोटिनीनचा लघवीतील अहवाल उशिरा आला, तो भरपूर वाढलेला होता. तंबाखू खाणाऱ्याच्याही लघवीत ते सापडत असल्याने व्यसनाची चौकशी मी पहिल्याच दिवशी चौघांकडे वेगवेगळी करून, लिहून ठेवली होती. मग मी केसपेपरवरील निदान बदलून आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील तंबाखू व निकोटिनचा संकेतांक, टी 65.2, लिहिला. नोंदणी विभागाने कागद परत पाठवला, कारण मासिक तक्त्यात शेतातील विषबाधेसाठी कीटकनाशके आणि सर्पदंश असे दोनच रकाने आहेत. तिसरा रकाना मागणारे पत्र मी वर पाठवले आहे. तोवर हे चौघे तक्त्यात कीटकनाशकांच्या रकान्यात मोजले गेले आहेत.