रोबो की लॅप्रोस्कोपी? डॉक्टरांचं ठरलं, विम्याचं ठरेना

‘लॅप्रोस्कोपी उपलब्ध असताना रोबोटिक का? वैद्यकीय गरज स्पष्ट करावी.’ वडिलांच्या ऑपरेशनआधी टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, आलेली ही एक ओळ. (लॅप्रोस्कोपी म्हणजे छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने बघत केलेलं ऑपरेशन.) तिच्यापायी ठरलेली तारीख हातची गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आम्ही सांगलीचे. अण्णांना गुदाशयाचा कॅन्सर निघाला. कोलोनोस्कोपी, बायोप्सी, एमआरआय, मग रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या, हे सगळं मिरजेत विनातक्रार पार पडलं. गाठ गुदद्वारापासून पाच सेंटिमीटरवर होती. ऑपरेशनसाठी पुण्यातला असा सर्जन निवडला, जो दोन्ही पद्धतींनी करतो. हे मुद्दाम केलं. ज्याला एकच पद्धत येते, तो तीच चांगली म्हणणार.

सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं. रोबो स्वतः काही कापत नाही, कन्सोलवर बसलेला सर्जनच त्याचे हात चालवतो. दोन्हीत छिद्रं तेवढीच लहान, आणि काम तेच: गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट, आवरण न फाडता बाहेर काढायचा. लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा तिथेच चिकटून असतात, त्या जपायच्या. लॅप्रोस्कोपीची हत्यारं सरळ असतात. रोबोच्या हत्याराचं टोक मनगटासारखं वळतं आणि कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात राहतो. पुरुषांच्या ओटीपोटातली हाडांची पोकळी अरुंद, त्यात अण्णांचं वजन जास्त, गाठ खाली आणि आत रेडिएशन झालेलं. म्हणून रोबो.

आम्हाला पटलं. विम्याला पटेना.

हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कने पाठवलेल्या कागदात एवढंच होतं: रोबोटिक सर्जरीचा सल्ला दिला आहे. क्वेरी आली. उत्तर गेलं, ‘रोबोमुळे अचूकता वाढते.’ पुन्हा तीच क्वेरी. मी फोन केला की ‘केस प्रोसेसमध्ये आहे’, डेस्कवर विचारलं की ‘त्यांच्याकडूनच यायचंय’. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्या असं लिहिलंय. पण दर वेळी नवी क्वेरी टाकली की तो तास कधी संपतच नाही. इकडे रेडिएशननंतर ऑपरेशन ठरावीक आठवड्यांत व्हायला हवं, आणि अण्णा रोज विचारायचे, ‘काय रे, कळवलं का त्यांनी?’

शेवटी टीपीएचे एक डॉक्टर फोनवर आले. म्हणाले, ‘अभ्यासात दोन्हींत फरक दिसलेला नाही.’ मी सर्जनला विचारलं. ते म्हणाले, टीपीएवाले 2017 च्या रोलार चाचणीबद्दल बोलतायत. 471 रुग्ण होते. मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण लॅप्रोस्कोपीत 12.2 टक्के, रोबोत 8.1 टक्के, पण एवढ्या फरकावरून रोबो सरस असं ठामपणे म्हणता आलं नाही. मात्र 2025 मध्ये चीनमधल्या अकरा हॉस्पिटलांच्या रिअल चाचणीचे तीन वर्षांचे निकाल आले. तिथे रुग्ण अण्णांसारखेच, गाठ मधल्या किंवा खालच्या भागात असलेले. कॅन्सर त्याच जागी किंवा आसपास परत येण्याचं प्रमाण रोबोत 1.6 टक्के, लॅप्रोस्कोपीत 4 टक्के. एकूण जगण्यात ठोस फरक नाही, हेही सर्जननी न लपवता सांगितलं. तिथले सर्जन दोन्हींत मुरलेले होते, हेसुद्धा.

मग मी त्यांच्या असिस्टंटसोबत बसून नवं पत्र तयार करून घेतलं. त्यात रोबोचं कौतुक एका शब्दाने नाही. फक्त अण्णा: वजन-उंची, एमआरआयमधलं गाठीचं गुदद्वारापासूनचं अंतर, रेडिएशनच्या तारखा, गुदद्वाराचा स्नायू वाचवायचा आहे ही गोष्ट, आणि दोन्ही चाचण्यांचा उल्लेख. पत्र गेलं आणि मंजुरी आली. हेच पत्र पहिल्या दिवशी गेलं असतं तर! म्हणून सांगतो, डेस्कवाल्यांवर सोडू नका. प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज, जाण्याआधी पत्र स्वतः वाचा. त्यात तुमच्या पेशंटबद्दल काही नसेल तर परत लिहून मागा.

पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ हे कलम आधीच शोधा. 2019 च्या नियमांनुसार रोबोटिक सर्जरी विम्यातून सरसकट वगळता येत नाही, पण मर्यादा घालता येते. आमच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी होती, वरचे पैसे आम्ही भरले. मंजुरी अडलीच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे, आपल्या भागासाठी पुण्यात.

ऑपरेशन नीट झालं. आवरण अखंड निघालं, काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त आल्या. रिपोर्टमध्ये या दोन गोष्टी आधी बघा, पद्धत कुठलीही असो. गाठ वरच्या भागात असेल आणि सर्जनचा हात लॅप्रोस्कोपीवर बसलेला असेल, तर रोबोसाठी शेत गहाण टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक राहिलं. पोटावरची तात्पुरती शौचाची पिशवी (स्टोमा) अण्णांना रोबो असूनही लागली. ती बंद करायचं ऑपरेशन काही महिन्यांनी होतं आणि त्याची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर ‘स्टोमा तात्पुरता, नंतर बंद करणे’ असं लिहून घ्या. आम्ही घेतलं होतं, त्या वेळी एकही क्वेरी आली नाही.