केबलच्या तारेपासून फायबरपर्यंत – दापोलीतली आमची वाटचाल

आम्ही दापोली तालुक्यात इंटरनेट देतो. बाजारपेठ, हर्णै-आंजर्ल्याची बाजू आणि आता बऱ्याच वाड्या. फर्म म्हणजे मी, आमचे हे आणि लाईनवर काम करणारी पोरं, बाकी मोठं काही नाही. धंदा कधी सुरू केलात असं कोणी विचारलं की दोन उत्तरं द्यावी लागतात, कारण ह्यांचा केबल टीव्ही लग्नाच्या आधीपासूनचा आणि माझा कॉम्प्युटर क्लास वेगळा, आणि इंटरनेट जे आहे ते या दोन्हींचं मिळून झालेलं आहे. बरेच जण विचारतात म्हणून एकदा नीट लिहून काढते.

भारतात साध्या माणसांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सुरू केलं, पण ते मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत. खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या शेवटी. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात ते आलं टेलिफोनच्या वायरीतून. २००१ मधे मी क्लास काढला, एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स त्यांचा) त्याच सुमाराला सुरू झालेलं आणि सरकारी नोकरीला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागायला लागलं होतं त्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी सगळे एमएससीआयटी करायला यायचे, काही तर निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. क्लासच्या एका कोपऱ्यात दोन मशीनवर नेट ठेवलं. मॉडेम म्हणजे फोनच्या लाईनवर नेट आणणारा डबा, त्याने १७२२३३ हा नंबर फिरवायचा, कुईंऽऽ खर्र आवाज, मग कनेक्ट. मॉडेमवर वेग ५६ के लिहिलेला असायचा पण पावसाळ्यात लाईनमधे खरखर आली की त्याच्या निम्मं मिळालं तरी खूप. आणि वर फोनचं बिल मिनिटामिनिटाला चढत असायचं, म्हणून तासाचे पैसे जास्त घ्यावे लागायचे.

त्या वेळी नेटवर सगळ्यात जास्त कोण येत होतं माहितीये? तरुण पोरं नाहीत. ज्यांची माणसं आखातात होती ते. हर्णै, आडे, दाभोळ या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला कोणी ना कोणी दुबईला, कुवेतला, सौदीला. फोन महाग, पत्राला पंधरा दिवस. मग वेबकॅम आणला. हर्णैच्या एक चाची यायच्या, मुलगा कुवेतला, तीन वर्षं भेट नव्हती. हेडफोन कानाला लावून अगदी स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ बसायच्या आणि मोठ्याने बोलायच्या. चित्र अडकायचं, तर मला हाक मारायच्या, "अगं हा हलत का नाय, बघ जरा." मी सांगायची चाची थांबा, लाईन हळू आहे, येईल. आवाज आधी यायचा, तोंड मागाहून हलायचं. तरी त्या उठताना डोळे पुसून मला आशीर्वाद देऊन जायच्या. ही सोय चालू ठेवायचीच हे मी तेव्हाच ठरवलं, मग परवडो न परवडो.

बोर्डाचा निकाल लागला की बाहेर रांग लागायची, गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडलं की मुंबईकरांचे नातेवाईक सकाळी सात वाजल्यापासून दारात उभे (खेड स्टेशन आमच्यापासून जवळ, पण तिकीट मिळणं ही वेगळीच गोष्ट).

तिकडे ह्यांचं केबलचं चालू होतं. गच्चीवर मोठी डिश, खाली कंट्रोल रूम, आणि तिथून कोएक्सियल केबल माडावरून, आंब्यावरून, घरांच्या वाशांवरून फिरवत न्यायची. ही वायर लांब गेली की सिग्नल मरतो म्हणून मधे मधे ॲम्प्लिफायर लावायचा, आणि त्याला लाईट लागते, म्हणजे वाटेत कोणाच्या तरी घरातून कनेक्शन घ्यायचं, त्याला महिन्याला काही द्यायचं. मे महिन्यात पहिला गडगडाट झाला की सकाळी निम्मे ॲम्प्लिफायर जळालेले. पण या धंद्याने आम्हाला एक दिलं जे पुढे सगळ्यात कामाला आलं. कुठल्या बागेतून वायर गेलेली चालेल, कोणाला विचारावं लागेल, कुठलं झाड पावसात पडणार आहे, कुठल्या वाडीतल्या भांडणात कोणाकडून वायर न्यायची नाही, हे सगळं ह्यांना तोंडपाठ. मोठ्या कंपनीच्या नकाशात हे नसतं.

२००४ च्या धोरणात सरकारने २५६ केबीपीएस आणि त्यावरच्या वेगाला ब्रॉडबँड म्हटलं आणि २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन नावाचं ब्रॉडबँड आलं. आमच्याकडे पोचायला थोडा वेळ लागला पण आलं तेव्हा क्लासचं रूपच बदललं. फोन चालू आणि नेटपण चालू, हेच किती मोठं वाटायचं. त्यात एका प्लॅनमधे रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड असायचं, मग मी दोनचा गजर लावून मशीन चालू करायची, अँटीव्हायरसचे अपडेट, पोरांचे हॉलतिकीट, भरतीचे फॉर्म, सगळं रात्री उतरवून ठेवायचं आणि सकाळी प्रिंट.

मग लोक म्हणायला लागले घरीच द्या ना. कृषी विद्यापीठाच्या आजूबाजूला राहणारी माणसं, बँकेतले, डॉक्टर. फोनची केबल सगळीकडे नव्हती. २०११-१२ च्या सुमाराला आम्ही इंटरनेटचं लायसन्स असलेल्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतली, कारण स्वतःचं लायसन्स म्हणजे नुसती फी नाही, त्याच्या मागची कागदपत्रं, उत्पन्नातला सरकारचा वाटा, ग्राहकांचे लॉग ठेवणं, हे दोघांच्या दुकानाला झेपणारं नव्हतं. वायरलेसने सुरुवात केली. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, छोटा टॉवर उभारला, त्यावर ५.८ गिगाहर्ट्झचे रेडिओ, या लहरींना लायसन्स लागत नाही. सड्यावरून दिसेल त्या घरावर सिग्नल पकडणारा डबा लावायचा, की झालं. दिसेल त्या घरावर, हे महत्त्वाचं. कोकणात झाडं वाढतात आणि पाऊस पडतो, आणि ओलं पान हे या फ्रिक्वेन्सीला भिंतीसारखंच. मार्चमधे झक्कास चालणारं कनेक्शन जुलैत बंद, कारण मधल्या आंब्याला पालवी फुटून तो हातभर वाढलेला. मालकाला आंबा छाट म्हणून कोण सांगणार? हापूस आहे तो!

२०१६ ला सप्टेंबरात जिओ आलं. त्याआधी एक जीबी मोबाईल डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास जायचे आणि अचानक सगळं फुकट, मार्च २०१७ पर्यंत. क्लासमधला आमचा नेट कॅफे त्या सहा महिन्यांत संपला, म्हणजे अक्षरशः दिवसभर कोणी यायचं नाही. त्याच मार्चअखेरीला गावागावातल्या केबलला सेट-टॉप बॉक्सची शेवटची मुदत होती, बॉक्स आगाऊ पैसे देऊन आणायचे, लोक म्हणणार आता मोबाईलवरच बघतो. आमच्या ओळखीच्या किती केबलवाल्यांनी तेव्हा लाईन विकून टाकली. माझ्या सासऱ्यांचंपण म्हणणं होतं की आता पुरे, बागेकडे बघा.

पण मला त्यात दुसरंच दिसत होतं. मोबाईलवर फुकट मिळाल्यामुळे ज्या बाईने कधी नेट बघितलं नव्हतं ती रोज संध्याकाळी यूट्यूब बघायला लागली, नोटबंदीनंतर दुकानदार मोबाईलवर पैसे घ्यायला शिकला, मुरुड-कर्द्याच्या होमस्टेवाल्याकडे येणारा पाहुणा खोली बघायच्या आधी वायफाय आहे का विचारायला लागला. एकदा सवय लागली की टॉवरवर गर्दी होणार, रेंज दरीत पोचणार नाही, आणि घराला पक्की वायर लागणारच. आम्ही क्लासची जागा गहाण ठेवली आणि २०१८ ला फायबर टाकायला घेतलं.

फायबरचं मला खरंच फार कौतुक आहे, जरा सांगते. फायबर म्हणजे काचेचा केसाएवढा बारीक धागा, त्यातून सिग्नल प्रकाशाने जातो. कंट्रोल रूममधे ओएलटी नावाचं मुख्य मशीन असतं, त्याच्या एका पोर्टमधून निघालेल्या एका काचेच्या केसावर साधारण चौसष्ट घरं चालतात. मधे स्प्लिटर बसवायचे, ते प्रकाश वाटून देतात, आणि त्यांना लाईट लागत नाही! ज्याने ॲम्प्लिफायरसाठी आयुष्यभर लोकांच्या घरातून वायरी मागितल्या त्या माणसाला हे काय वाटलं असेल विचार करा. ह्यांनी पहिल्या दिवशी तो स्प्लिटर हातात घेऊन उलटसुलट करून बघितला होता. फक्त हिशोब सांभाळायचा. एकाचे आठ करणारा स्प्लिटर लावला की साडेदहा डीबी (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) गेले, जॉइंटचे थोडे, कनेक्टरचे थोडे, घरात मायनस सत्तावीसच्या खाली गेलं की संपलं. आम्ही मायनस चोवीसच्या आतच ठेवतो, कारण पावसाळ्यात एखाद्या जॉइंटमधली गळती वाढतेच.

जमीन मात्र जांभ्याची. चर खणायला ब्रेकर लावावा लागतो आणि तो खर्च काढायचा तर एका वाडीलाच वर्षानुवर्षं लागतील, म्हणून खांबावरूनच नेली. मग वानरं केबलवर झोके घेणार, खारी कुरतडणार, ट्रकवर उंच गवत भरलेलं असलं की ओढून नेणार. "डब्यावर लाल लाईट आलीय" हा फोन आला, म्हणजे कुठेतरी फायबर तुटली, की आमच्याकडे सगळे जेवणावरून उठतात.

२०२० च्या लॉकडाऊनमधे चाकरमानी गावी आले आणि सोबत ऑफिस घेऊन आले. जी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडायची तिथे लॅपटॉप. फोनवर फोन, भाऊ काहीपण करा पण लाईन द्या, नोकरी जाईल. शाळा पण मोबाईलवर. कोरोनाचा पास काढून आमची पोरं दोन महिने ड्रॉप वायरी, म्हणजे खांबापासून घरापर्यंतच्या वायरी, ओढत होती आणि तेवढ्यात ३ जूनला निसर्ग वादळ. ते किनाऱ्याला लागलं पलीकडे श्रीवर्धनच्या बाजूला, पण आमच्या तालुक्याचा केळशी-आंजर्ले-आड्याचा सगळा भाग झोडपला. पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांची कौलं गेली. आमचे खांब, केबल, सगळं झाडांखाली.

नेटचं काय घेऊन बसलात, आधी जीव, असं वाटत होतं. पण लाईट नाही, मोबाईलचे टॉवर बंद, मुंबईतल्या माणसांना इकडचं काही कळत नाही, आणि रस्त्यात भेटेल तो एकच विचारत होता, फोन कधी लागेल हो? मुख्य केबल एका ठिकाणी जिथे तुटली होती तिथे वडाची फांदी अर्धी कापून खाली जागा केली, ताडपत्री धरली, आणि मी स्प्लायसिंग मशीन, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं मशीन, मांडीवर घेऊन बसले. चोवीस कोरची, म्हणजे चोवीस काचेच्या केसांची केबल, दोन ट्यूब, प्रत्येकीत बारा रंग – निळा, नारिंगी, हिरवा, ब्राऊन, स्लेट, पांढरा असे. एकेक केस सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, कटरवर कापायचा, मशीनमधे दोन टोकं समोरासमोर, ठिणगी, मग त्यावर स्लीव्ह. संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात स्लेट आणि पांढरा एकसारखे दिसतात, पोरगा बाजूला बसून मोठ्याने रंग वाचत होता, आणि हात ओले होऊ द्यायचे नाहीत. रात्री उशिरा आंजर्ल्याच्या बाजूला सिग्नल गेला. ग्रामपंचायतीत जनरेटर होता, तिथे राऊटर लावून दिला, पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिला. लोक बाहेर ओळीत उभे राहून मुंबईला व्हॉट्सअॅप कॉल करत होते. वाड्यांतली घरं एकेक जोडायला पुढे कित्येक आठवडे गेले, त्या काळातलं बिल आम्ही घेतलं नाही, आणि एक सांगते, लाईट आल्यावर जवळजवळ सगळी कनेक्शनं परत सुरू झाली.

म्हणून माझं मत असं झालंय की गावात नेट पोचलं हे केबल टाकली त्या दिवशी ठरत नाही. तुटल्यावर कोण येतं, कधी येतं, यावर ठरतं. केंद्राच्या भारतनेट योजनेखाली अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं, २०११ पासून ते काम चाललंय, खूप मोठं काम आहे आणि व्हायलाच पाहिजे. २०२३ मधे केंद्राने त्याला नव्याने १.३९ लाख कोटी मंजूर केले, आणि आता दुरुस्ती आणि घरापर्यंतचं कनेक्शन स्थानिक माणसाकडे देण्याची भाषा आहे, हे मला सगळ्यात बरं वाटलं. ज्याला बाग कोणाची ते माहिती आहे त्याच्याकडे काम द्या. त्याला खांबाची परवानगी वेळेत द्या, कोर वाजवी भाड्याने द्या. आता ५जी चं बिनवायरीचं नेटपण आलंय, बाजारपेठेत ते चांगलं चालतं, आमचे काही ग्राहक तिकडे गेले. दरीतल्या वाडीत ते चालत नाही.

आमच्याकडे आता दोन मुली स्प्लायसिंग करतात, दोघी माझ्याच क्लासच्या. तक्रारीचे फोन त्याच घेतात आणि घरातल्या बाईला व्हिडिओ कॉलवर कुठली वायर कुठे ते समजावून सांगतात, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सध्या विषय आहे सड्यापलीकडच्या एका वाडीचा. तीसेक घरं, निम्मी बंद असतात, महिन्याला चारपाचशे रुपये आणि वर जीएसटी धरून हिशोब केला तर खांबांचा खर्च निघायला पाच-सहा वर्षं लागतील. पण तिथल्या बचत गटाच्या बायका आमसुलं आणि आंबापोळी ऑनलाईन विकायच्या म्हणतात, पैसे जमा झाल्याचा मेसेज बघायला त्यांना टेकडी चढून यावं लागतं. त्यांनी खांबांच्या जागा दाखवून ठेवल्यात, ज्यांच्या बागेतून जाणार त्यांच्या सह्यापण घेतल्यात. भातकापणी आटपली की खड्डे मारायला घेतोय.