टाइपरायटर इफेक्ट आणि पाय मोडलेला 'द'

मध्यंतरी एका छोट्या माहितीपटाचे शीर्षक मी करत होतो. काळ्या पडद्यावर 'विद्यार्थी' हा एकच शब्द एकेक अक्षराने उमटावा, एवढीच मागणी होती. आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सोर्स टेक्स्टवर, म्हणजे मूळ मजकुरावर, मी नेहमीचे एक्स्प्रेशन (छोटे सूत्र) लिहिले: स्लायडर या सरकपट्टीवर जितका आकडा असेल, तितकाच मजकूर सुरुवातीपासून कापून दाखवायचा. रोमन लिपीतल्या शीर्षकांसाठी हे एक्स्प्रेशन इतक्यांदा वापरले आहे की चाचणी न घेताच मी रेंडर लावला, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करायला घेतला. पाहिले तर शब्द उमटण्याऐवजी अडखळत होता.

एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिल्यावर प्रकार लक्षात आला. आधी 'व' येतो. दोन फ्रेमनंतर त्याच्या डावीकडे पहिली वेलांटी घुसते आणि 'व' उजवीकडे ढकलला जातो. मग 'द' येतो, त्याचा पाय मोडतो, 'य' येताच दोघांचे जोडाक्षर होते आणि त्याला काना लागतो. त्यानंतर पूर्ण 'र' उभा राहतो, त्याचाही पाय मोडतो आणि 'थ' आल्याबरोबर तो टुणकन उडी मारून 'थ'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शेवटी दुसरी वेलांटी. वाचणाऱ्याच्या लेखी ज्या शब्दात तीन अक्षरे आहेत, तो दहा पायऱ्यांनी घडत होता, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक पायऱ्यांवर पडद्यावर जे दिसत होते, ते कोणी हाताने लिहिताना कधीही दिसत नाही.

यात सॉफ्टवेअरची चूक आहे असे मला वाटत नाही. युनिकोड या संगणकावरील लिप्यांच्या प्रमाण संकेतपद्धतीत 'विद्यार्थी' हा शब्द व, वेलांटी, द, हलन्ताचे चिन्ह, य, काना, र, पुन्हा हलन्त, थ, वेलांटी अशा दहा चिन्हांच्या माळेत साठवलेला असतो आणि माझे एक्स्प्रेशन ती माळ मण्यामण्याने मोजत होते. जोडाक्षर, रफार किंवा वेलांटीची जागा या गोष्टी माळेत नसतातच. फाँट आणि मजकुराची मांडणी करणारे इंजिन त्या दर वेळी नव्याने ठरवतात. माळ अर्धवट कापली की इंजिन त्या अर्धवट माळेची मांडणी करते, आणि ती त्याच्या दृष्टीने अगदी बरोबर असते. गंमत अशी की याला 'टाइपरायटर इफेक्ट' म्हणतात, पण देवनागरीच्या खऱ्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवत असत. तिथे 'व' असा बाजूला ढकलला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

वाचणारा ज्याला एक अक्षर मानतो, तशा चिन्हांच्या गठ्ठ्यांना युनिकोडच्या परिभाषेत ग्राफीम क्लस्टर म्हणतात. मात्र 2023 साली आलेल्या 15.1 या आवृत्तीपर्यंत युनिकोडचे सर्वसाधारण नियमदेखील देवनागरी जोडाक्षर हलन्तापाशी तोडत असत, म्हणजे 'स्त्री'चे तीन तुकडे होत. नव्या नियमाने ते एकसंध राहते, पण आपल्या हातातले साधन कोणत्या आवृत्तीचा नियम पाळते हे शोधत बसण्यापेक्षा मी अक्षरे स्वतःच तोडतो. मूळ मजकुरात अक्षरांच्या मध्ये उभ्या रेघा द्यायच्या, 'वि|द्या|र्थी' अशा, आणि एक्स्प्रेशनला मजकूर त्या रेघांवर तोडून हवे तितके गठ्ठे पुन्हा जोडून दाखवायला सांगायचे. स्लायडर आता दहापर्यंत न जाता तीनपर्यंत जातो. मजकूर मध्यभागी ठेवला असेल तर प्रत्येक नव्या अक्षरासरशी आधीची अक्षरे डावीकडे सरकतात, म्हणून तो डावीकडून जुळवून मग संपूर्ण लेयर (मजकुराचा थर) मध्यावर आणावा.

वेगाचा हिशेबही नव्याने करावा लागला. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर दहा चिन्हे दोन-दोन फ्रेमने 20 फ्रेममध्ये, म्हणजे 0.8 सेकंदात संपत होती. तीन अक्षरे त्याच गतीने आणली तर शब्द चमकून गेल्यासारखा वाटतो. मी छंदशास्त्राचा आधार घेतला: लघू अक्षराला तीन फ्रेम, गुरूला सहा. 'विद्यार्थी'मध्ये जोडाक्षरापूर्वीचा 'वि'सुद्धा गुरूच असल्याने तिन्हींना सारखाच वेळ मिळतो, पण 'कमळ' आणि 'आकाश' पाठोपाठ येतात तेव्हा फरक जाणवतो. की-फ्रेम, म्हणजे कोणत्या फ्रेमला स्लायडरचा आकडा बदलायचा याच्या खुणा, हाताने ठेवाव्या लागतात, हे खरे. शीर्षकापुरते ते परवडते, उपशीर्षकांसाठी मी हा उद्योग करणार नाही.

अक्षरे नुसती प्रकट न होता विरघळत किंवा वरून खाली येणार असतील तर शिरोरेषेची अडचण येते. शेजारच्या अक्षरांच्या रेषांमध्ये फट दिसू नये म्हणून अनेक फाँटांत त्या एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. ओपॅसिटी (अपारदर्शकता) 50 टक्के असताना तेवढाच भाग अधिक ठळक दिसतो आणि शब्दावर गाठी पडल्यासारख्या वाटतात. अक्षरे वेगवेगळ्या उंचीवरून येत असतील तर रेषेची पायरी पायरी होते, आणि ती शेवटच्या फ्रेमपर्यंत डोळ्यांना खुपत राहते. फिरवण्याच्या बाबतीतही तेच: रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते, आपले शिरोरेषेला लटकलेले असते, म्हणून ग्रुपिंग अलाइनमेंट या सेटिंगमध्ये उभ्या दिशेला उणे आकडा देऊन फिरण्याचा बिंदू वर नेला की अक्षर झुलते, लवंडत नाही.

शेवटी त्या शीर्षकासाठी मी शब्दाचे आकृत्यांत रूपांतर केले, शिरोरेषा कापून वेगळ्या लेयरवर ठेवली आणि रेषेविना अक्षरे आधी आणली. आपण वहीत लिहितानाही शब्द पुरा झाल्यावरच वर रेघ ओढतो. 'र्थी' स्थिर झाल्यावर चार फ्रेम थांबून ती रेषा ट्रिम पाथ्स या रेघ हळूहळू उलगडणाऱ्या साधनाने डावीकडून उजवीकडे आठ फ्रेममध्ये ओढली. रफार आणि वेलांट्यांचे वरचे फराटे रेषा येईपर्यंत अधांतरी दिसतात, तेवढे मी तसेच राहू दिले.